सुटलेले गाव आणि सांगितलेले बालपण

१

मुलाने वाढावे कोठे, गावात की शहरात, हा प्रश्न मराठी वाङ्मयविचारात प्रश्न म्हणून क्वचितच उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा आधीच गृहीत धरलेले असते. गावातले बालपण म्हणजे निसर्गाचे सान्निध्य, बोलीची समृद्धी, नात्यांची ऊब. शहरातले बालपण म्हणजे कोंडलेपण, उपरेपण आणि अकाली आलेले शहाणपण, अशी एक मूल्यजोडी शालेय पाठांच्या स्पष्टीकरणापासून विद्यापीठीय प्रबंधांपर्यंत सर्वत्र वावरताना दिसते. १९६१ साली महाराष्ट्रातील सुमारे २८ टक्के लोक नागरी भागात राहत होते. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. ज्या अर्धशतकात मराठी समाज शहरांकडे सरकला, त्याच काळात गावातील बालपणाचे कथन मराठी गद्याच्या केंद्रस्थानी येत गेले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासल्याखेरीज त्या मूल्यजोडीची चिकित्सा होऊ शकत नाही.

मूल आणि निसर्ग यांची सांगड सनातन नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. रूसोने १७६२ मध्ये 'एमिल' लिहिताना आपल्या काल्पनिक शिष्याला शहराच्या संसर्गापासून दूर, ग्रामीण परिसरात वाढवण्याचे ठरवले, आणि युरोपीय स्वच्छंदतावादाने पुढे ही कल्पना काव्यमूल्याच्या पदवीला नेली. इंग्रजी शिक्षणाबरोबर ती मराठीतही आली. या परंपरेची सर्वांत साक्षेपी चिकित्सा रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात केली आहे. प्रत्येक पिढी सुखी गावाचा काळ आपल्या नुकत्याच मागे पडलेल्या भूतकाळात, बहुधा आपल्या बालपणात शोधते; मात्र त्या काळातील लेखन उघडावे तर तेही त्याआधीच्या गावासाठी हळहळत असते. असा हा काळ सतत मागे सरकत जातो, असे त्याचे निरीक्षण आहे. विल्यम्स स्वत: वेल्सच्या सीमेवरील खेड्यात वाढलेला होता. स्मृतीची तो टवाळी करीत नाही. त्या स्मृतिचित्रातून कोणाचे श्रम वगळले गेले, एवढेच तो विचारतो.

मराठी संदर्भात विल्यम्सची मांडणी जशीच्या तशी लागू करणे अपुरे ठरते. येथे 'गाव' हा शब्द उच्चारताच गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे, असे दोन प्रदेश सूचित होतात. त्यामुळे 'गावात वाढलेले मूल' हा सामान्यवाचक शब्दप्रयोगच शंकास्पद बनतो. शिवाय मराठीतील गावातल्या बालपणाची महत्त्वाची कथने जवळजवळ सर्वच गाव सोडलेल्या प्रौढाने केलेली आहेत. गाव की शहर, हे द्वंद्व प्रौढ निवेदकाच्या निर्गमनातून जन्मते आणि मागाहून मुलावर आरोपित होते. कथनातल्या मुलाची स्थिती नीट पाहिली, तर त्याच्यापुढचे प्रश्न निराळे दिसतात: त्याचा निर्णय कोण घेते, त्याच्या वेळेवर आणि श्रमावर कोणाची मालकी आहे, आणि कोणती सीमा त्याला ओलांडता येते. या तीन प्रश्नांच्या प्रकाशात काही परिचित संहितांचे पुनर्वाचन करणे उपयुक्त ठरेल.

२

साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे गावातील संस्कारक्षम बालपणाचे मराठीतील आदर्शचित्र मानले जाते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची कथनरचना बहुतेक वाचकांच्या स्मरणातून निसटते. आश्रमातील सांजप्रार्थनेनंतर प्रौढ श्याम आपल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे कोकणातले ते घर, ती आई आणि ते बालपण तिन्ही संपलेली आहेत, ही कथनाची पूर्वअट आहे. कथनाचा शेवट आईच्या मृत्यूने होतो, आणि त्या वेळी शिक्षणासाठी बाहेर गेलेला श्याम तिच्याजवळ नसतो. गावातील बालपणाच्या या आदर्शचित्राच्या तळाशी शिकण्यासाठी गाव सोडल्याचे शल्य आहे.

या बालपणातली रमणीयताही जितकी समजली जाते तितकी निर्विवाद नाही. एकेकाळच्या खोत घराण्याची उतरती कळा, वडिलांचे कर्ज, सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान, राहत्या घराचा वियोग यांनी पुस्तकाचा उत्तरार्ध व्यापलेला आहे. मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला मदत करण्याचा प्रसंगही येथे आठवावा. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते आणि नंतर आंघोळ करायलाही सांगते. दयेला मुभा आहे, सीमा मात्र शाबूत आहे. या एका प्रसंगात गाव मुलाला काय शिकवते हे दोन्ही अंगांनी दिसते. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण करणारा लेखक त्या आंघोळीचा तपशील गाळत नाही, ही त्याच्या स्मृतीची प्रामाणिकता होय. तो तपशील वाचताना गाळला जातो, तो 'संस्कार' या शब्दाच्या सोयीसाठी. त्या मोळीवाल्या स्त्रीच्या घरी मूल असेल, तर त्याचे बालपणही त्याच गावात, त्याच झाडांखाली गेले असणार. त्याच्यासाठी तेथे आठवणीची रात्र उपलब्ध नव्हती.

३

आनंद यादव हे ग्रामीण साहित्य चळवळीचे एक प्रमुख प्रवक्ते. त्यांच्या 'झोंबी'ला (१९८७) १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, आणि ग्रामीण बालपणाचा प्रातिनिधिक दस्तऐवज म्हणून तिचे अध्यापन होत राहिले. तथापि शीर्षकातच झगडा सूचित करणाऱ्या या आत्मकथनातील संघर्ष नेमका कोणत्या दोन पक्षांत आहे? शहर तेथे दूर आहे. संघर्ष आहे तो शेत आणि शाळा यांच्यात. अधिक काटेकोरपणे बोलायचे तर मुलाच्या दिवसाच्या तासांवर हक्क कोणाचा, याविषयी. वडिलांनी मुलाला शाळेतून काढून शेतीत जुंपलेले आहे. आई गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे, दाद मागते, तेव्हा कोठे शाळेची वाट मोकळी होते. तीही सकाळी शेतावर राबून मग शाळेत जायचे आणि परतल्यावर गुरे राखायची, अशा अटींवर. मुलाचे शिक्षण येथे हक्काचे नसून तडजोडीने मिळालेले आहे, आणि ती तडजोड गावातील सत्तारचनेच्या मध्यस्थीने झालेली आहे. ज्या बाईला देसायांचा वाडा चढण्याचे धैर्य झाले नसते, किंवा जिला तेथे प्रवेशच नसता, तिच्या मुलाचे काय, हा प्रश्न संहिता उच्चारत नाही. पण तो तिच्या रचनेतच आहे.

या आत्मकथनातील सर्वांत अर्थपूर्ण स्थळ कवितेशी निगडित आहे. मराठी शिकवणारे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, हावभावांसह शिकवतात. त्यापूर्वी पिकाला पाणी पाजताना किंवा गुरांमागे हिंडताना मुलाला एकटेपण बोचत असे. कविता तोंडी बसल्यावर तेच एकटेपण त्याला हवेसे वाटू लागते, कारण आता तो मोठ्याने गाऊ शकतो, अभिनय करू शकतो. कागद जवळ नसेल तेव्हा तो म्हशीच्या पाठीवर काडीने किंवा दगडावर खड्याने ओळी उमटवतो. मास्तरांच्या दारातल्या वेलीवर त्यांनीच कविता केलेली पाहून आपल्या भोवतालावरही कविता होऊ शकते, याचे त्याला भान येते. या स्थळाचे वाचन बहुधा 'निसर्गाने कवी घडवला' असे केले जाते. संहितेचा क्रम याच्या नेमका उलट आहे. शेत आधीपासून तेथे होतेच, आणि ते मुलासाठी श्रमाचे व कंटाळ्याचे ठिकाण होते. शाळेतून आलेल्या छंदाने, चालीने आणि शब्दाने त्या शेताचे 'निसर्गा'त रूपांतर केले. रान मुलाचे झाले ते शाळेमुळे. म्हणून 'झोंबी' गावाच्या बाजूने दिलेली साक्ष ठरत नाही. गावातल्या मुलाला शाळेचे तास मिळाले तर गावच त्याला नव्याने कसे मिळते, याची ती साक्ष आहे.

४

दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) या द्वंद्वाला आणखी एक वळण दिले. शीर्षक गावगाड्यातील व्यवस्थेचे आहे. कष्टांच्या आणि सेवेच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. जन्माने वाट्याला आलेले जिणे, असाही अर्थ त्यातून ध्वनित होतो. या शीर्षकामुळे पुस्तकाची नोंद 'गावगाड्याचे चित्रण' अशी होऊन जाते, आणि त्यातील मुंबईच्या बालपणाकडे दुर्लक्ष घडते. वास्तविक कावाखान्यातील त्या वस्तीचे चित्रण हे मराठी गद्यातील शहरी बालपणाच्या सर्वांत तपशीलवार चित्रणांपैकी एक होय. गोदीत काम करणारे वडील, चिंध्या-कागद वेचून चार पैसे मिळवणाऱ्या बाया, शेजारची वेश्यावस्ती, एका खोलीत कोंबलेले संसार हे सारे मूल पाहत असते, आणि निवेदक ते सोवळेपणा न बाळगता सांगतो.

मराठी महानगरी साहित्याकडे पाहिले, तर बालपणाच्या ठिकाणी एक पोकळी जाणवते. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'मध्ये (१९६५) नाक्यावरची पोरे येतात ती वयात आल्यावर. नारायण सुर्वे यांच्या कवितेत शहर हे विद्यापीठ होते, पण तेथला विद्यार्थी मुख्यत: कामगार आहे. चाळीतले मूल विनोदी लेखनात भरपूर भेटते. त्याच्या नजरेतून शहर दिसण्याचे प्रसंग विरळ. किरण नगरकरांसारख्या मराठीत लेखनारंभ केलेल्या कादंबरीकाराची माझगावच्या चाळींतील दोन मुलांची कथा 'रावण अँड एडी' (१९९५) इंग्रजीतून आली, हेही या संदर्भात सूचक आहे. ही पोकळी 'बलुतं'ने दलित आत्मकथनाच्या अंगाने अंशत: भरून काढली. पण दलित आत्मकथनांची चर्चा गावकुसाच्या रूपकातच अडकल्याने ती भरल्याची नोंद झाली नाही.

'बलुतं'मधील मूल गाव आणि शहर यांच्यात येरझारा घालते. मुंबईतला आधार सुटला की धामणगावचा महारवाडा, तेथून शिक्षणासाठी संगमनेर, पुन्हा मुंबई. प्रत्येक स्थलांतर पोटासाठी, कोणाच्या तरी मृत्यूमुळे किंवा शाळेसाठी होते. मुलाची आवड-निवड त्यात कोठेच नसते. मुंबईत जात पुसली जात नाही, पण ती प्रत्येक पावलावर विचारली जात नाही; गावात आकाश मोकळे असते, पण पाणवठा मोकळा नसतो. या दोन ठिकाणांची तुलना करून पारडे कोठे झुकते हे सांगण्याचा मोह निवेदक आवरतो. त्याऐवजी तो कथनातच दुभंग निर्माण करतो: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. वरकरणी हे तंत्र वाटते. पण गावचे नाव आणि शहरातले लेखकनाम एकाच देहात नांदत असताना बालपणाचा 'मी' कोणता, हा प्रश्न त्या तंत्रानेच शक्य केला आहे. ज्याला गाव सुटल्याची हळहळ करण्याचीही मुभा नाही आणि शहरात रुजल्याचा दावाही करता येत नाही, अशा मुलाचे हे कथन आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाचा रोखठोक प्रतिवाद केला आणि संविधानाने घटक म्हणून व्यक्तीचा स्वीकार केला, याचे स्वागत केले. वाङ्मयसमीक्षेत या भाषणाचा उल्लेख सामाजिक पार्श्वभूमी म्हणून होतो. परंतु बालपणाच्या कथनमीमांसेसाठीही त्यात एक कसोटी आहे. गाव हा घटक मानला, तर मूल त्या घटकाचा भाग म्हणून, वाटा किंवा राबता हात म्हणून दिसते. व्यक्ती हा घटक मानली, तरच मुलाला स्वत:चे असे बालपण असू शकते.

५

आतापर्यंतच्या संहितांतील मूल मुलगा आहे. मुलगी पुढे येताच प्रश्नाची धार वाढते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'मध्ये (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो. धाकटी बहीण मनी गावीच असते आणि देवीच्या रोगाने मरते. कादंबरीच्या उपहासगर्भ निवेदनात मनीच्या मृत्यूचा भाग वेगळ्याच स्वरात येतो. शहरात पांडुरंगाचे जे काही होते ते परात्मतेच्या परिभाषेत मांडण्याची समीक्षेला सवय झाली आहे. पण एकाच घरातल्या दोन मुलांपैकी एकाला शहर मिळाले आणि दुसरीला गावच मिळाले, ही साधी विषमता त्या परिभाषेत मावत नाही. देशीयतेचा आग्रह धरणाऱ्या लेखकाच्या पहिल्याच कादंबरीत गावातल्या बालपणाची सर्वांत करुण प्रतिमा मरणाची असावी, याकडे देशीवादी वाचनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आरंभीच रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरून जाणाऱ्या बाया येतात. डोक्यावर ओझे, पायाखाली अवघड वाट. कोकणच्या निसर्गाचे इतके वर्णन मराठीत झाले आहे, आणि त्या निसर्गातून विक्रीचा माल वाहणाऱ्या बायांची वाट इतकी कमी दिसली आहे, की हा आरंभ पूर्वपरंपरेला दिलेले उत्तरच वाटतो. वडिलांच्या मृत्यूनंतर आई बांबूची आयदाने विणून घर चालवते. मुलीच्या बालपणात गाव व बाजाराचे शहर यांच्यातील अंतर पायांनी मोजले जाते, आणि त्या अंतराच्या दुसऱ्या टोकाला शाळाही असते. येथे गाव आणि शहर हे परस्परविरोधी भावविश्व म्हणून येत नाहीत. ती एकाच श्रमव्यवहाराची दोन टोके आहेत.

६

यावर असा आक्षेप संभवतो, की या वाचनात बालपणातील आनंदाला जागाच उरत नाही. तो आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांत शोधता येते. 'वनवास' (१९९४) आणि 'शारदा संगीत' (१९९७) या संग्रहांतील परिसर बेळगावकडच्या सीमाभागातला, ना धड खेडे ना महानगर असा आहे. कानडीच्या हेलात मुरलेली मराठी, गाणे, खेळ, झाडे, सुमीची ओढ, यांतून तेथे उभा राहणारा आनंद मराठी गद्यात दुर्मीळ आहे. मात्र पहिल्याच संग्रहाचे नाव 'वनवास' आहे. आईवडिलांपासून वेगळे करून लंपनला आजी-आजोबांकडे ठेवण्यात आले आहे. निर्णय मोठ्यांचा आहे आणि मुलाला तो उमगत नाही. आनंद आणि परवड यांची वस्ती एकाच ठिकाणी आहे.

तरीही लंपनचे जग राहण्याजोगे होते, याची कारणे निसर्गवर्णनात सापडत नाहीत. ती मुलाच्या हालचालीत सापडतात. शाळा, गाण्याचा वर्ग, मैदान आणि मित्रांची घरे त्याच्या पायांच्या टप्प्यात आहेत. त्याचे तास त्याचे आहेत, कारण त्याच्या श्रमावर घर चालत नाही. आणि त्याची जात व वर्ग कोणत्याही दारात त्याला अडवत नाहीत. 'झोंबी' आणि 'बलुतं'मधील मुलांना जे झगडून, अंशत: आणि उशिरा मिळाले, ते लंपनला विनासायास मिळालेले आहे. म्हणून त्याचा आनंद खोटा ठरत नाही. त्या आनंदाच्या अटी मात्र दिसू लागतात. निमशहर हे गाव व शहर यांच्यामधले सुवर्णमध्य आहे, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. त्याच निमशहरातल्या दुसऱ्या एखाद्या गल्लीत या अटी पुऱ्या झाल्या नसत्या.

७

या पुनर्वाचनाचा रोख गावाविरुद्ध शहराचा पक्ष उचलून धरण्याकडे नाही. बोलीची घनता, ऋतूंचे भान, माणसांच्या नावानिशी असलेल्या ओळखी हे गावाने मराठी गद्याला दिलेले खरे धन आहे, आणि वर उल्लेखिलेल्या प्रत्येक संहितेत ते आहेच. मुद्दा एवढाच, की हे धन कथनात आले ते सुटका झालेल्या मुलांच्या हातून. जी मुले गावातच राहिली, शाळेपर्यंत पोहोचली नाहीत, त्यांचे बालपण निवेदकाविना राहिले. म्हणून गावातल्या बालपणाविषयीचा वाङ्मयीन पुरावा मुळातच एकांगी आहे: तो बाहेर पडू शकलेल्यांचा आहे. त्या पुराव्यावरून गाव मुलांसाठी कसे होते याचा सार्वत्रिक निर्णय करणे म्हणजे परतलेल्या खलाशांच्या आठवणींवरून समुद्र सुरक्षित असल्याचे ठरवणे होय.

याचे व्यावहारिक परिणामही आहेत. 'ग्रामीण साहित्य' ही अभ्यासपत्रिका आज जे विद्यार्थी निवडतात, त्यांतील अनेक जण स्वत: पहिल्या पिढीचे शिकणारे आहेत. त्यांना या संहिता गावाच्या गौरवाच्या म्हणून शिकवल्या, तर त्यांच्या स्वत:च्या निर्गमनाला अपराधाचा रंग चढतो, आणि मागे राहिलेल्या बहिणीचा प्रश्न पुन्हा एकदा नजरेआड होतो. दुसरीकडे, २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले, तेव्हा वाडीवस्तीवरील शाळा दूर जाण्याची भीती व्यक्त झाली. ही शाळा वाडीवर राहावी की न राहावी, हा धोरणाचा विषय आहे खरा. पण 'झोंबी' वाचलेल्याला हे कळायला हवे, की शाळा दूर गेली तर रान जागच्या जागी राहते आणि तरीही मुलाला मिळत नाही.

म्हणून मुलाने गावात वाढावे की शहरात, असे विचारणाऱ्या समीक्षेने निवेदकाच्या हळहळीपाशी न थांबता कथनातल्या मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडायला हवा: पहाटेपासून रात्रीपर्यंतचे किती तास त्याचे स्वत:चे आहेत, कोणत्या दारातून त्याला आत जाता येते, आणि कोणत्या दारातून बाहेर. तो हिशेब 'झोंबी', 'बलुतं' आणि 'आयदान' यांनी पानोपानी मांडून ठेवला आहे.